ठपका कुणावर, पाठराखण कुणाची

प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात या संस्थेची दोन कामे एका दमात सांगितली आहेत. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य जपायचे, आणि वृत्तपत्रांचा व वृत्तसंस्थांचा दर्जा राखून तो वाढवायचा. क्रमही हाच आहे: आधी स्वातंत्र्य, मग दर्जा. आपल्यावर देखरेख करणाऱ्या संस्थांकडे या देशातले पत्रकार कोणत्या नजरेने पाहतात, हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्या नजरेचा उलगडा मला या क्रमापासूनच होऊ लागतो. कौन्सिलवर नाराज असलेला पत्रकार बहुतेक वेळा ‘मला शिस्त नको’ असे म्हणत नसतो. पहिले काम बाजूला पडले आणि दुसरे तेवढे माझ्या वाट्याला आले, हे त्याचे गाऱ्हाणे असते.

वाचकाला हे सहज पटत नाही आणि त्यात त्याचा दोष नाही. रात्री नऊच्या चर्चेतला आरडाओरडा, घरात मृत्यू झाला आहे अशा माणसांच्या तोंडासमोर धरलेले माईक, निवडणुकीत बातमीच्या वेशात छापलेल्या जाहिराती हे सगळे तो रोज पाहतो. डॉक्टरांना वैद्यक परिषद आहे, वकिलांना बार कौन्सिल आहे, मग यांनाच काय सोने लागले आहे, असे त्याने विचारले तर ते रास्तच आहे. पण डॉक्टर किंवा वकील यांच्या बाबतीत जे घडले नाही ते पत्रकारांच्या बाबतीत या देशात वारंवार घडले आहे. नियम करणारा आणि बातमीचा विषय असणारा एकच निघाला आहे.

मराठी पत्रकारितेला नियमनाची ओळख झाली ती सरकारी हुकमातून. १८७८ च्या कायद्याने फक्त देशी भाषांतल्या पत्रांना वेसण घातली. इंग्रजी पत्रे मोकळी राहिली. मजकूर आक्षेपार्ह आहे की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचे आणि त्यावर कोर्टात दाद नाही, अशी ती रचना होती. व्हाइसरॉय रिपन यांच्या कारकिर्दीत तो कायदा गेला. पण १९१० च्या आणि पुढे १९३१ च्या कायद्याने छापखान्यांकडून अनामत मागण्याची पद्धत रूढ केली, आणि स्वातंत्र्यानंतरही १९५१ च्या आक्षेपार्ह मजकूर कायद्यात अनामतीची तरतूद परत आली. तो कायदा १९५६ मध्ये संपला. संपादकांच्या दोनतीन पिढ्या अनामत भरण्यात, ती जप्त होण्यात आणि नव्या नावाने पत्र काढण्यात गेल्या. ‘तुमच्या भल्यासाठी एक मंडळ नेमतो आहोत’ असे कुणी म्हटले की आजही जुन्या पत्रकाराच्या कपाळावर आठी पडते, ती या अनुभवामुळे.

हीच आठी दूर करण्यासाठी पहिल्या प्रेस आयोगाने कौन्सिलची कल्पना मांडली होती. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष त्याचे अध्यक्ष होते. १९५४ च्या अहवालात आयोगाने सुचवले ते असे की वृत्तपत्रांच्या वर्तनाचा न्यायनिवाडा सरकारने करू नये, त्यासाठी या व्यवसायातल्या लोकांचाच भरणा असलेली संस्था असावी. शिफारस अमलात यायला बारा वर्षे लागली. ४ जुलै १९६६ रोजी कौन्सिल स्थापन झाली आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर पहिले अध्यक्ष झाले. १६ नोव्हेंबरला तिचे काम सुरू झाले. राष्ट्रीय पत्रकार दिन आपण त्या तारखेला पाळतो. महाराष्ट्रातल्या या दोन न्यायमूर्तींचा या संस्थेच्या जन्माशी असलेला संबंध आपल्याकडच्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांत जेमतेम उल्लेखापुरता येतो, याची मला खंत वाटते.

कौन्सिलची खरी परीक्षा पहिल्या दहा वर्षांतच आली. ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादक बी. जी. वर्गीज यांनी सिक्कीमच्या प्रश्नावर इंदिरा गांधींच्या सरकारवर टीका केली होती. मालकांनी त्यांना पदावरून काढायचे ठरवले. प्रकरण कौन्सिलपुढे गेले तेव्हा पत्रकारांच्या जगात उत्सुकता होती ती वर्गीज यांच्या नोकरीपुरती नव्हती. सरकार नाराज आहे म्हणून मालकाने संपादकाला काढले तर तो वृत्तपत्रस्वातंत्र्याचा भंग ठरतो का, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर प्रथमच एखादी अधिकृत संस्था देणार होती. ते आले नाही. आणीबाणी लागू झाली, डिसेंबर १९७५ मध्ये अध्यादेश निघाला आणि १ जानेवारी १९७६ पासून कौन्सिलच रद्द झाली. वर्गीज यांच्या प्रकरणाचा निवाडा अधिकृतपणे जाहीर होऊ शकला नाही. त्यांची नोकरी तोवर गेलेली होती.

सेन्सॉरशिप जारी असताना, म्हणजे जेव्हा कौन्सिलची सर्वांत जास्त गरज होती तेव्हा, ती अस्तित्वात नव्हती. मग पत्रकार कुठे गेले? मुंबईत मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातला मजकूर सेन्सॉर अधिकारी बिनोद राव यांनी अडवला, तेव्हा मसानी उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारवर टीका करणे म्हणजे देशाच्या सुरक्षिततेला धोका नव्हे, सेन्सॉरने जनमत एकाच साच्यात ओतायचे नसते, अशा आशयाचे ते निकालपत्र पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे. संकट आले की कौन्सिलकडे न जाता हायकोर्टाकडे जायचे, ही महाराष्ट्रातल्या पत्रकारांची सवय तिथून पक्की झाली असे मी मानतो. पुढे तिचा पुन्हा प्रत्यय आला.

१९७८ च्या कायद्याने कौन्सिल परत आणली. अध्यक्ष आणि २८ सदस्य. त्यांत १३ श्रमिक पत्रकार, ज्यांपैकी सहा संपादक असावे लागतात, सहा मालक किंवा व्यवस्थापक (मोठ्या, मध्यम आणि छोट्या वृत्तपत्रांचे प्रत्येकी दोन), वृत्तसंस्थांचा एक, पाच खासदार, आणि साहित्य अकादमी, बार कौन्सिल व विद्यापीठ अनुदान आयोग यांचा प्रत्येकी एक. दिवाणी न्यायालयासारखे साक्षीदार बोलावण्याचे अधिकार आहेत. मात्र पत्रकाराला बातमीचा स्रोत उघड करायची सक्ती करता येत नाही, आणि ही तरतूद फार मोलाची आहे. शिक्षा म्हणाल तर तीनच: ताकीद, समज, ठपका. दंड नाही, तुरुंग नाही, परवाना रद्द करणे नाही. ‘कौन्सिलला अधिकारच नाहीत’ ही ओरड यातूनच निघते आणि ती कौन्सिलच्या अध्यक्षांनीही अनेकदा केली आहे. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू अध्यक्ष असताना त्यांनी वाहिन्याही कौन्सिलखाली आणा आणि अधिक कठोर अधिकार द्या अशी मागणी लावून धरली, शिवाय बहुतांश पत्रकारांच्या बौद्धिक पातळीविषयी जाहीरपणे हीन मत व्यक्त केले. एडिटर्स गिल्डने त्याचा निषेध केला. त्या वादात एक मुद्दा हरवला. शिक्षा वाढवली तर ती कुणावर चालेल? वृत्तपत्राच्या साखळीत जो सर्वांत खाली उभा आहे त्याच्यावर चालणार असेल, तर शिक्षा मोठी झाल्याने न्याय वाढत नाही.

‘पेड न्यूज’च्या प्रकरणाने हे जितके स्पष्ट केले तितके दुसऱ्या कशानेच केले नाही, आणि ते महाराष्ट्रात घडले म्हणून आपल्याला त्याकडे पाठ फिरवता येत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कारकिर्दीचे गुणगान करणाऱ्या रंगीत पुरवण्या निघाल्या. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकच मजकूर शब्दशः छापून आला. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे पान पानाशेजारी ठेवून दाखवले. उमेदवाराच्या खर्चाच्या विवरणात वृत्तपत्रांतील जाहिरातींपोटी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. चव्हाण यांनी आरोप नाकारले. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. त्या कायदेशीर लढाईचा निकाल काहीही लागो, मराठी वाचकाला जे दिसायचे ते दिसले होते.

प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली. दोघांनी माणसे भेटली, कागद जमवले आणि २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती, पद्धती होत्या, दरपत्रके होती. जुलै २०१० च्या बैठकीत कौन्सिलने तो अहवाल जसाच्या तसा स्वीकारायचे नाकारले आणि नावे गाळून दहाबारा पानांचे निवेदन काढले. मालकांच्या प्रतिनिधींचा नावांना विरोध होता. पूर्ण अहवाल लोकांसमोर आला तो ऑक्टोबर २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. दुसऱ्यांच्या फायली उघडाव्यात म्हणून पत्रकार जो माहिती अधिकार वापरतात, तोच पत्रकारांच्या संस्थेविरुद्ध वापरावा लागला.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त लागते ती गोष्ट वेगळी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या बातमीदारांना उमेदवारांकडे ‘पॅकेज’ घेऊन पाठवले गेले, त्यांतल्या अनेकांना ते नको होते. नकार दिला तर नोकरी जाणार आणि होकार दिला तर अब्रू, अशा कात्रीत ते सापडले होते. त्यांना जाब विचारणारी संस्था देशात होती, आणि त्यांच्या मालकाला जाब विचारायची वेळ आली तेव्हा तीच संस्था नावे खोडत बसली. त्यानंतर कौन्सिलच्या आचारसंहितेची पुस्तिका त्या बातमीदाराच्या हाती दिली, तर तो ती कोणत्या मनाने वाचेल?

पण दुसरी बाजूही याच विषयात आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांच्याविरुद्ध पराभूत उमेदवाराने २००७ च्या निवडणुकीतील पेड न्यूजची तक्रार कौन्सिलकडे केली. कौन्सिलने चौकशी करून दोन मोठ्या हिंदी दैनिकांना दोषी धरले. त्या निष्कर्षाच्या आधारे प्रकरण निवडणूक आयोगापुढे गेले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने यादव यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. पेड न्यूजवरून आमदारकी जाण्याची ती देशातली पहिली वेळ. म्हणजे केवळ ठपका ठेवण्याचा अधिकार असलेली संस्थासुद्धा कागद नीट तपासून नाव घेऊन लिहिते तेव्हा तिच्या शब्दाला वजन येते. दंडाचा आकडा त्यात दुय्यम ठरतो.

काश्मीरच्या बाबतीत कौन्सिलची दोन रूपे तीन वर्षांत दिसली. ऑगस्ट २०१९ मध्ये संपर्कबंदीमुळे काम अशक्य झाले म्हणून ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कौन्सिलच्या अध्यक्षांनी त्यात हस्तक्षेपाचा अर्ज केला तो निर्बंधांचे समर्थन करणारा. सदस्यांना न विचारता हे झाले, असे काही सदस्यांनीच सांगितले. देशभरातून निषेध झाला आणि कौन्सिलला भूमिका बदलावी लागली. त्याच कौन्सिलने २०२१ मध्ये काश्मीरमधील पत्रकारांच्या छळाच्या तक्रारींवर तीन जणांची सत्यशोधन समिती पाठवली. नागपूरचे ज्येष्ठ पत्रकार प्रकाश दुबे तिचे निमंत्रक होते. मार्च २०२२ मधला तिचा अहवाल पोलिसी चौकश्या, पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रशासनाचा दबाव यांविषयी आडपडदा न ठेवता बोलतो. खोऱ्यातील माध्यमांचा गळा हळूहळू आवळला जातो आहे असा त्याचा निष्कर्ष होता. पहिल्या वेळी एकट्या अध्यक्षांनी ठरवले, दुसऱ्या वेळी वार्तांकन करून केस पांढरे झालेली माणसे श्रीनगरला जाऊन लोकांशी बोलली. कायदा बदलला नव्हता.

वाहिन्यांविषयी थोडक्यातच सांगतो. त्यांना प्रेस कौन्सिलचा कायदा लागू नाही. २००८ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने स्वतःचे प्राधिकरण उभे केले, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा त्याचे पहिले अध्यक्ष होते. पण संघटनेचे सदस्यत्व ऐच्छिक आहे, त्यामुळे निकाल आवडला नाही तर बाहेर पडायची वाट उघडी असते. जास्तीत जास्त दंड एक लाख ठरला. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातील वार्तांकनाने जे घडले त्यावर जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला, माध्यमांनी चालवलेल्या खटल्याचा धोका मांडला, आणि आत्महत्येच्या वार्तांकनात वाहिन्यांनी प्रेस कौन्सिलचीच मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत असे सांगितले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी एक लाखाच्या दंडाच्या उपयोगाविषयी शंका घेतली. माझे मत असे की दंड वाढवावा आणि तो वाहिनीच्या उत्पन्नाशी जोडावा. निवेदकाच्या मागे कंपनी उभी असते, तिला तो जाणवला पाहिजे.

तालुक्याच्या वार्ताहराला मात्र या सगळ्यातले फारसे काही भेटत नाही. त्याच्यावर देखरेख ठेवणारे वेगळेच असतात. अधिस्वीकृतीपत्र मिळेल की नाही, आपले साप्ताहिक शासनमान्य जाहिरात यादीवर राहील की नाही, जिल्हा माहिती कार्यालय पत्रकार परिषदेचे निमंत्रण देईल की नाही, हे त्याचे रोजचे नियमन. मालकाशी असलेला करार हे आणखी एक. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या, तरी त्यानुसार पगार मिळावा म्हणून पत्रकारांना कामगार न्यायालयांचे खेटे घालावे लागले. तालुक्याच्या वार्ताहराला तर बहुधा नेमणूकपत्रच नसते. मानधन आणि जाहिरातीवरचे कमिशन यांवर त्याचे घर चालते. ज्याच्याकडून बातमी काढायची त्याच्याकडूनच जाहिरात आणायची, या व्यवस्थेत निःपक्षपातीपणाचा उपदेश त्याला करणे मला निर्दयपणाचे वाटते. जाहिरात आणि बातमी यांची माणसे वेगळी ठेवा, असा आदेश मालकांना देण्याची ताकद ज्या दिवशी एखाद्या संस्थेत येईल, त्या दिवशी तो वार्ताहर तिच्या बाजूने उभा राहील.

जिवाचा प्रश्न तर आणखी वेगळा. मराठी पत्रकारांनी वर्षानुवर्षे आंदोलन करून पत्रकार संरक्षण कायदा मिळवला. विधिमंडळाने तो २०१७ मध्ये संमत केला आणि २०१९ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला रिफायनरीविषयी लिहिणारे शशिकांत वारिशे यांच्या अंगावर गाडी घातली गेली आणि त्यांचा मृत्यू झाला. कोकणातला, मराठवाड्यातला, विदर्भातला पत्रकार देखरेखीच्या कोणत्याही संस्थेला पहिला प्रश्न विचारतो तो हाच: माझ्यावर वेळ आली तर तुम्ही कुठे असाल?

गेल्या काही वर्षांत पत्रकारिता मोबाइलच्या पडद्यावर गेली आणि नियमनही तिच्या मागे गेले. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल वृत्तमाध्यमांवर आचारसंहिता आणि तिच्यावर शेवटी केंद्र सरकारची देखरेख अशी तीन पायऱ्यांची रचना आणली. ‘द लीफलेट’ आणि ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि १४ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने नियम ९ मधील आचारसंहितेच्या सक्तीला स्थगिती दिली. या निकालातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. त्या आचारसंहितेत प्रेस कौन्सिलचे निकषच घेतलेले होते. जे निकष कौन्सिलने नैतिक मार्गदर्शन म्हणून लिहिले, ते कायद्याच्या बडग्याने पाळायला लावता येणार नाहीत, असा न्यायालयाचा रोख होता. सरकारविषयीची बातमी खोटी की खरी हे सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवावे, ही २०२३ ची दुरुस्तीही याच न्यायालयात टिकली नाही: जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यात मतभेद झाला आणि सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांच्या मताने ती रद्द ठरली.

या निकालांनी पत्रकारांना दिलासा दिला. पण प्रत्येक वेळी हायकोर्टात जाणे मुंबईतल्या संपादकाला जमते, परळीच्या किंवा गडचिरोलीच्या पोर्टलवाल्याला जमत नाही. त्याला वृत्तपत्र म्हणून प्रेस कौन्सिल ओळखत नाही, वाहिनी म्हणून वाहिन्यांचे प्राधिकरण ओळखत नाही, आणि अधिस्वीकृतीच्या रांगेत तो शेवटी असतो. पोलीस ठाण्यात मात्र त्याची ओळख लगेच पटते. १९७८ च्या कायद्याची व्याप्ती वाढवून त्याला आत घ्यावे, असे मला ठामपणे वाटते. अट एवढीच की कौन्सिलमध्ये श्रमिक पत्रकारांच्या संघटनांनी स्वतः निवडलेली माणसे असावीत, उपसमितीचा अहवाल बहुमताने गाळता येऊ नये आणि ज्या सदस्याचे मत वेगळे पडेल त्याचे मत निर्णयासोबत छापले जावे. २०१० मध्ये अहवाल गाळता न येण्याची एवढी एक तरतूद असती, तर ती ७१ पाने वाचण्यासाठी माहिती आयोगाकडे जावे लागले नसते.

हे पुस्तक तालुक्याच्या गावी काम करणाऱ्यांच्या हाती पडावे अशी माझी इच्छा आहे. त्यांच्यापैकी अनेकांचा समज असा असतो की प्रेस कौन्सिलकडे वाचकाने वृत्तपत्राविरुद्ध तक्रार करायची असते. ते अर्धेच खरे आहे. पत्रकारालाही तिथे जाता येते. अधिकाऱ्याने धमकावले, बातमीचा राग धरून खोटा गुन्हा घातला, टीका केली म्हणून जाहिराती थांबवल्या किंवा अधिस्वीकृती काढून घेतली, तर कायद्याच्या कलम १३ नुसार स्वातंत्र्यभंगाची तक्रार कौन्सिलकडे करता येते, आणि कलम १५ नुसार कौन्सिल सरकारसह कोणत्याही प्राधिकरणाच्या वर्तनावर आपला अभिप्राय नोंदवू शकते. आधी संबंधित अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. ज्या बातमीवरून त्रास झाला तिचे कात्रण, पत्रव्यवहार, गुन्हा दाखल झाला असल्यास त्याची नक्कल जोडावी. तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील करावाच लागतो असेही नाही.